सव्वीस पॉइंट चार

विद्यापीठाचं पत्र आलं तेव्हा मी
प्रयोगशाळेत वाळू चाळत होतो.
स्थापत्यच्या तिसऱ्या वर्षाला यंदापासून
डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्ता.
शिक्षक : उपलब्धतेनुसार.
उपलब्ध मी होतो.

आठ दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण,
त्यातले तीन दिवस मालवणात नेटवर्कच नव्हतं.
उरलेल्या पाचांत एवढं कळलं, की यंत्राला शिकवायचं
तर आधी त्याला पुष्कळ जुनं काहीतरी
खायला घालावं लागतं.

जुनं आमच्याकडे होतं.
बावकरांनी माळ्यावरून जर्नलं उतरवली, पाव शतकाची.
खाऱ्या वाऱ्याने पिना गंजून
पानापानावर दोन दोन तांबडे ठिपके.
मुलांनी पंधरा दिवस आकडे टंकले :
सिमेंट, वाळू, खडी, पाणी,
आणि अठ्ठाविसाव्या दिवशी
ठोकळा किती भाराला फुटला.

अल्फिया मुकादमने मॉडेल चालवलं.
अचूकता अठ्ठ्याण्णव टक्के.
टाळ्या. प्राचार्य येऊन फोटो काढून गेले.
ती मात्र पडद्यासमोरून उठेना.
"सर, पाणी दुप्पट केलं तरी हे तेच सांगतंय.
वाळू काढून टाकली, तरी तेच.
आता सिमेंट शून्य केलंय, सर,
सव्वीस पॉइंट चार."

बावकर उगाच खोकले.

तळातलं जर्नल मला उघडावं लागलं नाही.
त्या वर्षी आठवडाभर वीज नव्हती,
ठोकळे टाकीतच राहिले, सबमिशन सोमवारी,
आणि रविवारी रात्री कंदिलापाशी बसून
मी एक आकडा जन्माला घातला.
फार थोर नको, नापासही नको,
चारचौघांत खपेल असा, घरंदाज.
माझ्यावरून खोलीतल्या लवू धुरीने उतरवला,
त्याच्यावरून पुढच्या बॅचने.
कुणी जरा कमी केला, कुणी जरा चढवला,
वंश तोच.
यंत्राचं काही चुकलं नव्हतं.
आमच्यात बसून ते
आमच्यासारखंच पास झालं होतं.

हे मी वर्गात सांगितलं. फळ्याकडे तोंड करून.
कुणीच हसलं नाही,
हसले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सुकतीची वेळ बघून
वर्ग खाडीवरच्या जुन्या पुलाखाली नेला.
गुडघाभर चिखल, खांबांना कालवांची खपली,
आणि तिथे आमच्याही आधी द्रौपदी मेथर,
कमरेला टोपली, हातात कोयती,
कालवं ठोकून ठोकून काढत होती.
केतनने रिबाउंड हॅमर दाखवून
तिला समजावून सांगितलं, आम्ही काय करतोय.
तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली,
"तिसरो खांब बडबडता. बाकीचे गप आसत.
तुमच्या मशीनीक कान आसत काय?"

अल्फियाने फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला
आणि तिच्या कोयतीचा आवाज भरून घेतला,
खांबामागून खांब, एकशे बारा ठोके,
भरती घोट्यावरून पोटरीवर येईपर्यंत.
रात्री पडद्यावर त्या ठोक्यांच्या लाटा उमटल्या :
तिसऱ्या खांबाची लाट
मधेच कुणी वाक्य तोडावं तशी.
यादीत आता एक नवा रकाना आहे,
'हे कुणाला कसं कळलं'.
तिथे पहिलं नाव मेथर, साधन कोयती.
परीक्षक याला काय म्हणतील ते म्हणोत.

बांधकाम खात्याला पत्र टाकलंय. पोच आलेली नाही.

आणि यंदाचे ठोकळे काल फोडले.
अठ्ठाविसावा दिवस, वीज होती.
काटा चढत गेला, सगळे वाकून बघत होते,
मग तो कोरडा, आतला आवाज.
अठरा पॉइंट नऊ.
वीसच्या मिश्रणाला अठरा पॉइंट नऊ म्हणजे नापास.
केतन पेन धरून माझ्याकडे बघत राहिला,
बावकरही बघत राहिले, सवयीने.

मी म्हटलं, लिही.
त्याने लिहिलं.
मग शेरा म्हणून पुढे, न विचारताच :
'वाळू खाडीची असावी. चव खारट लागली.'